वायरलेसची तारेवरची कसरत!

माहीत आहे का, तुमचं 'वायरलेस' नेमकं किती अंतर वायरलेस असतं? हातातल्या मोबाइलपासून छताला चिकटलेल्या त्या पांढऱ्या तबकडीपर्यंत, म्हणजे ॲक्सेस पॉइंटपर्यंत. बस्स! घरात दहा-पंधरा मीटर, मोकळ्या अंगणात थोडं जास्त. तिथून पुढे थेट समुद्राच्या तळापर्यंत वायरच वायर. वायर 'लेस' कुठली, वायर 'मोअर'!

या वायरींच्या गर्दीत एक डबी असते. पत्त्यांच्या कॅटाएवढी, काळी, कुणाच्या नजरेत न भरणारी. एका अंगाला लॅन केबलचं पोर्ट, दुसऱ्या अंगाला फायबरचं. इकडून वीज आत जाते, तिकडून प्रकाश बाहेर पडतो. नाव मीडिया कन्व्हर्टर. पलीकडच्या टोकाला तिची जुळी बहीण बसलेली असते, ती प्रकाशाची पुन्हा वीज करते. सोसायटीच्या गेटवरचं वाय-फाय, कॉलेजच्या ग्राउंडवरचं वाय-फाय, मळ्यातल्या बंगल्याचं वाय-फाय, सगळं या दोघींच्या जिवावर.

पण त्यांची गरजच का पडावी? कारण लॅन केबलला एक लक्ष्मणरेषा आहे, आणि ती आहे १०० मीटरवर. ९० मीटर भिंतीतली पक्की केबल, अधिक दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १०. पुढे गेलात की सिग्नल दमतो आणि केबलमधल्या जोड्या एकमेकींच्या गप्पा ऐकायला लागतात. 'आमच्याकडे तर १३० मीटरवर चालतंय!' असं सांगणारा एक तरी गडी प्रत्येक गावात सापडतो. चालतं, चालतं. फक्त व्हिडिओ कॉलच्या वेळी चालत नाही.

आता रेकॉर्ड! जगातला सगळ्यात लांब रेल्वे प्लॅटफॉर्म कुठे आहे, माहीत आहे का? जपान? अमेरिका? अहो, शेजारच्या कर्नाटकात, हुबळीला! श्री सिद्धारूढ स्वामीजी स्टेशनातला हा फलाट तब्बल १,५०७ मीटरचा. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि १,३६६ मीटरवाल्या गोरखपूरचा मुकुट हुबळीकडे आला.

जरा हिशेब करू. या फलाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाच्या ॲक्सेस पॉइंटपर्यंत नुसत्या लॅन केबलने जायचं ठरवलं, तर दर १०० मीटरला मध्ये एक स्विच हवा. म्हणजे १५ स्विच, १५ प्लग पॉइंट, १५ कुलपांच्या पेट्या आणि एकाच माणसाला १५ डोकेदुख्या. फायबरने? दोन डब्या, एक केबल, काम खल्लास. प्रकाश हा अख्खा फलाट साडेसात मायक्रोसेकंदांत पार करतो. तुम्हाला चाकांची बॅग ओढत वीस मिनिटं लागतील, आणि तोवर गाडी सुटलेली असेल.

स्टेशनवरून आठवलं, गूगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं फुकट वाय-फाय पहिल्यांदा कुठल्या स्टेशनात आलं? आपल्या मुंबई सेंट्रलला, जानेवारी २०१६ मध्ये! जून २०१८ मध्ये आसामातल्या दिब्रुगडला ४०० वं स्टेशन जोडलं गेलं. गूगलने पुढे पाय काढून घेतला, रेलटेलने मात्र गाडी चालू ठेवली. रुळांच्या कडेने जमिनीत तिचीच फायबर आहे, तिला काय कमी!

आणि त्या वाय-फायचा सगळ्यात भारी वापर कोणी केला? एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने. डोक्यावर सामान, कानात इयरफोन आणि इयरफोनमध्ये लेक्चर! २०१८ मध्ये पठ्ठ्या केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. आपण त्याच वाय-फायवर रील्स बघत होतो. असो.

बरं, तांब्याच्या तारा एकमेकींभोवती पिळून घ्यायची आयडिया कोणाची, माहीत आहे का? टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्राहम बेलची. १८८१ चं पेटंट आहे. आज तुमच्या लॅन केबलमध्ये ज्या चार जोड्या पिळलेल्या दिसतात, त्यांची पणजी तीच. जोडी पिळली की बाहेरचा कचरा सिग्नल दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत उडून जातो. शिवाय चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवतात, म्हणजे शेजारणींची कुजबुज एकमेकींना लागत नाही.

थांबा, खरा बॉम्ब पुढे आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, जून १८८० मध्ये, याच बेलने प्रकाशावरून माणसाचा आवाज पाठवला होता! वॉशिंग्टनमधल्या फ्रँकलिन स्कूलच्या गच्चीवर त्याचा सहकारी चार्ल्स समनर टेंटर बोलत होता. आवाजाने एक पातळ आरसा थरथरत होता, आरशावरून उडालेला सूर्यप्रकाश २१३ मीटरवरच्या बेलच्या प्रयोगशाळेत पडत होता आणि तिथे सेलेनियमचा तुकडा त्या प्रकाशाच्या थरथरीनुसार वीज कमी-जास्त करत होता. यंत्राचं नाव फोटोफोन. २१३ मीटर! आजच्या लॅन केबलच्या दुपटीहून जास्त, तेही टेलिफोनला जेमतेम चार वर्षं झाली असताना.

बेल या यंत्रावर इतका फिदा होता की टेलिफोनपेक्षाही हाच आपला मोठा शोध, असं तो म्हणायचा. त्याच वर्षी झालेल्या मुलीचं नाव 'फोटोफोन' ठेवायचं त्याच्या मनात होतं, अशीही कथा आहे. बायकोने वेळीच रोखलं. पोरगी वाचली!

फोटोफोन मात्र वाचला नाही. ढग आला की लाइन गेली. म्हणजे बघा, पिळलेलं तांबं याच माणसाकडे, प्रकाशावरचं बोलणंही याच माणसाकडे. कमी होती ती फक्त ढग-धुक्याची पर्वा न करणाऱ्या एका काचेच्या धाग्याची.

तो धागा चमकवण्यात एक देसी नाव आहे, माहीत आहे का? नरिंदरसिंग कपानी! पंजाबातल्या मोग्यात जन्म, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात संशोधन. १९५४ मध्ये हॅरोल्ड हॉपकिन्सबरोबर 'नेचर'मध्ये निबंध छापून त्यांनी दाखवून दिलं की काचेच्या तंतूंच्या जुडीतून आख्खं चित्र पलीकडे नेता येतं. नोबेल नाही मिळालं, पद्मविभूषण मिळालं. तेही मरणोत्तर, २०२१ मध्ये. आपली सवय जुनीच!

नोबेल मिळालं चार्ल्स काओंना, २००९ मध्ये. काम मात्र १९६६ चं. तेव्हाची काच इतकी मळकट होती की २० मीटरमध्येच ९९ टक्के प्रकाश गिळायची. काओ आणि जॉर्ज हॉकहॅम म्हणाले, दोष काचेचा नाही, तिच्यातल्या भेसळीचा आहे. किलोमीटरभराने निदान एक टक्का प्रकाश उरला तरी टेलिफोन चालेल. एक टक्का! परीक्षेत एवढे मार्क पडले तर घरात घेणार नाहीत. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या तिघांनी दोन टक्के काढून दाखवले आणि दुनिया बदलली.

आजची फायबर? १५५० नॅनोमीटरचा प्रकाश १५ किलोमीटर गेला तरी निम्मा शिल्लक असतो. म्हणून तर चार आकडी किमतीच्या कन्व्हर्टरच्या जोडीवर बिनधास्त '२० किमी' छापलेलं असतं, आणि आपण ती पार्किंगपलीकडच्या वॉचमनच्या केबिनसाठी घेतो.

पलीकडच्या टोकाला तरी किती प्रकाश लागतो? एका मिलिवॉटचा शंभरावा भाग पोचला तरी बहुतेक कन्व्हर्टर खूश. उलट, ८० किलोमीटरवाला दणकट लेझर शंभर मीटरच्या फायबरवर लावाल, तर समोरच्या रिसीव्हरचे डोळे दिपतील, कधी कधी कायमचे जातील. मग प्रकाश मुद्दाम कमी करणारा ॲटेन्युएटर मध्ये बसवावा लागतो. गॉगलच म्हणा!

मिथ-बस्टर टाइम! फायबर फास्ट, कारण प्रकाश विजेपेक्षा फास्ट. बरोबर? साफ चूक! काचेतून जाताना प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटरवर उतरतो. लॅन केबलमधला सिग्नलही जवळपास त्याच वेगाने पळतो. शर्यत बरोबरीत. फायबर जिंकते ती दमसासावर, आणि एका वेळी केवढा डेटा वाहून नेते यावर.

उलट हवेतून जाणारी लहर काचेतल्या प्रकाशाला दीडपट वेगाने मागे टाकते! २०१० मध्ये स्प्रेड नेटवर्क्सने न्यूयॉर्क-शिकागोच्या शेअर दलालांसाठी १,३३१ किलोमीटरची जवळजवळ नाकासमोर सरळ फायबर टाकली. खर्च सुमारे ३० कोटी डॉलर, कमाई काय, तर जाऊन-येऊनचा वेळ सुमारे १३ मिलिसेकंदांवर आला. दोन-तीन वर्षांत मायक्रोवेव्हच्या टॉवरवाल्यांनी तोच पल्ला नऊच्या आत आणला. डोंगर फोडून फायबर टाकणारे बघतच राहिले.

मग आपण पण सोसायटीत वायरलेसनेच दूर जाऊ या की! जाऊ शकता. २००७ मध्ये व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी वाय-फाय चक्क ३८२ किलोमीटर नेलं होतं, जवळजवळ ३ एमबीपीएस वेगाने. लागलं काय? दोन उंच पर्वत, भल्यामोठ्या अँटेना आणि मध्ये एकही अडथळा नको. तुमच्याकडे ए विंग, बी विंग आणि मध्ये पाण्याची टाकी आहे. फायबरच टाका.

टाकताना मजा बघा. जुन्या पद्धतीच्या कन्व्हर्टरला दोन कोर, म्हणजे काचेचे दोन धागे लागतात, एक बोलायला (टीएक्स), एक ऐकायला (आरएक्स). इथल्या टीएक्समधून निघालेली कोर तिथल्या आरएक्समध्येच गेली पाहिजे. लाइट लागत नाही? दोन्ही कोर अदलाबदल करून बघा. अर्धे कॉल इथेच मिटतात, व्हिजिटचे पैसे मात्र पूर्ण पडतात.

आता एकाच कोरवर भागतं. जोडीतला 'ए' १३१० नॅनोमीटरवर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, 'बी' बरोबर त्याच्या उलट. दोन्ही प्रकाश एकाच धाग्यातून समोरासमोर जातात आणि एकमेकांना साधा धक्काही लागत नाही. आपल्या घाटातल्या वाहतुकीला हे जमेल तो सुदिन! पण दोन्ही टोकांना 'ए' लावलात, तर सगोत्र विवाह! दोघंही १३१० वर ओरडतात, दोघंही १५५० कडे कान लावून बसतात, आणि संसार सुरूच होत नाही.

आणखी एक खोडी. तांब्याच्या बाजूला १०० एमबीपीएसवालं आणि हजारवालं उपकरण आपसात बोलून तडजोड करतात. फायबरच्या बाजूला ही समजूतदारी सहसा नसते. एकीकडे १०० चा कन्व्हर्टर, दुसरीकडे गिगाबिटचा, की अबोला पक्का.

निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. लॅन केबलच्या चार जोड्यांचा हा क्रम. आता १२ कोरची फायबर सोलून पाहा. पहिल्या चार कोर? निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी! तांबं आणि काच, दोघांचा शृंगार एकाच पेटीतला.

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या फ्रंट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बहुधा जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. कन्व्हर्टरच्या १३१० नॅनोमीटर लेझरवर हीच ट्रिक चालेल? नाही! ११०० च्या पुढे कॅमेऱ्याचं सिलिकॉन आंधळं. आपले डोळे तर त्याच्या कितीतरी आधीच. पोर्टात डोकावून 'प्रकाश येतोय का' हे बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी: दिसणार काहीच नाही, आणि तरी तो डोळ्यात जाणारच. म्हणून टेक्निशियन लाल लेझरचं पेन ठेवतात. ते एका टोकाला लावलं की जिथे फायबर मोडली तिथे कातडीतून लालभडक उजेड फुटतो.

मोडतं कोण? इथे ॲनिमल प्लॅनेट सुरू होतं.

२०१५. वाराणसीच्या घाटांवर वाय-फाय आलं, गंगेच्या काठाने फायबर लटकली. आणि माकडांनी ती कुरतडली! नव्या केबली दोन महिन्यांच्या आत फस्त. जमिनीखाली टाकावी तर शहरात खणायला जागा नाही, माकडं हलवावीत तर मंदिरांच्या गावात बजरंगाच्या सेनेला हात कोण लावणार? डिजिटल इंडियाला लंकादहनाचा छोटा ट्रेलर मिळाला.

अमेरिकेत खलनायक वेगळा. लेव्हल थ्री या बड्या कंपनीने २०११ मध्ये सांगून टाकलं, त्या वर्षी आमच्या केबलींच्या नुकसानीत १७ टक्के वाटा खारींचा! रामसेतूच्या वेळी बांधकामात होत्या, आता तोडकामात. आणि १९८० च्या दशकात कॅनरी बेटांजवळ समुद्राखालच्या फायबर केबलमध्ये सापडले शार्कचे दात. दाताखाली आलं काय, तर ना मांस ना मासा.

पण या सगळ्यांवर कडी केली एका आजीबाईंनी. मार्च २०११, देश जॉर्जिया, वय ७५. भंगारात विकायला तांबं मिळेल म्हणून आजी जमीन खणत होत्या. फावडं बसलं ते फायबरवर आणि शेजारचा आर्मेनिया देश जवळजवळ आख्खाच्या आख्खा पाच तास इंटरनेटबाहेर! आजींचं म्हणणं, मला इंटरनेट काय असतं हेच माहीत नाही. आपल्याकडचे केबलचोरही याच फसगतीत सापडतात. रात्रभर खणून हाती येते ती काच, आणि काचेला भंगारवाला विचारत नाही.

तांब्याला भाव आहे म्हणताच बाजारात त्याचे डमी आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही शहराच्या इलेक्ट्रॉनिक्स गल्लीत 'एकदम स्वस्त' लॅन केबल मागा, हातात बरेचदा सीसीए पडेल. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम! हलकी, ठिसूळ, आणि विजेला जास्त अडवणारी. ॲक्सेस पॉइंटला याच केबलमधून वीज द्यायची असेल तर बचत तिथेच तापते. चाकूने तार खरवडा. आत पांढरं चमकलं की उठा आणि दुसरं दुकान धरा.

आता फायबरचा सुपरपॉवर! वळवाचा पाऊस, कडाडून वीज, आणि दुसऱ्या दिवशी 'साहेब, स्विच उडाला, राउटरपण उडाला'. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकली की ती विजेच्या लाटेला पालखीत बसवून घरात आणते. शिवाय दोन्ही इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर वीज न पडताही करंट इकडून तिकडे हिंडत राहतो. काचेतून यातलं काहीच जात नाही. ढगात कितीही थयथयाट होऊ द्या, फायबर ढिम्म. एक बारीक अट: आर्मर्ड केबल घेतलीत तर तिच्या पोटात पोलादी पत्रा असतो. त्याचं अर्थिंग विसरलात तर काचेच्या शेजारच्या सीटवर बसून वीज येईलच.

पण हाच सुपरपॉवर उलटा फिरतो. काचेतून वीज जात नाही, म्हणजे ॲक्सेस पॉइंटला लागणारीही जात नाही!

माहीत आहे का, लॅन केबल डेटाबरोबर वीजही वाहते? याला पीओई म्हणतात. २००३ मध्ये मानक आलं तेव्हा पोर्टामागे १५.४ वॉट, २००९ मध्ये ३० आणि २०१८ पासून चक्क ९० वॉटपर्यंत. एवढ्यात ॲक्सेस पॉइंटच काय, छोटा टीव्हीही चालेल. ही चैन फायबर आली की बंद. लांबच्या टोकाला कन्व्हर्टरला प्लग हवा, ॲक्सेस पॉइंटसाठी पीओई इंजेक्टर हवा आणि त्यालाही प्लग हवा. पावसापासून वाचवायला पेटी हवी. लाइट गेली तर इन्व्हर्टर हवा. ऑफिसात यूपीएसवर राउटर ऐटीत चालू आणि गेटवरची डबी अंधारात, हे दृश्य कोणत्याही कॅम्पसमध्ये दिसेल. आमचं प्रामाणिक मत: खड्डा खणतानाच फायबरबरोबर विजेची सोय करा, किंवा वीजवाहक तारा आतच असलेली हायब्रिड केबल घ्या. पुन्हा खणायला परवानगी मागायची म्हणजे पुढची निवडणूक उजाडते.

आणि या नाटकात सगळ्यात आधी मरतं कोण? कन्व्हर्टर नव्हे, फायबर नव्हे, तर त्याचा तो बारका ५ व्होल्टचा ॲडॅप्टर! एक जास्तीचा घेऊन ठेवा.

शेवटची गंमत. साध्या कन्व्हर्टरला ना आयपी ॲड्रेस असतो, ना पासवर्ड, ना ॲप. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर हजार उपकरणं हिरवी-लाल दिसतात, त्यात ही डबी कुठेच नसते. पिंग मारावं कोणाला? त्यामुळे गेटवरचं वाय-फाय गेलं की आधी राउटर रीस्टार्ट होतो, मग ॲक्सेस पॉइंट, मग इंटरनेट कंपनीला फोन, मग फोनवरच्या बाईंशी भांडण. तासाभराने टेक्निशियन येतो, तडक वॉचमनच्या केबिनमध्ये शिरतो आणि टेबलाखाली वाकतो. कन्व्हर्टरचा प्लग जमिनीवर. त्याच्या जागी कोणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. आणि तक्रार कोणाची होती? त्याच मोबाइलवाल्याची!